बोरमाळेतली लाख: सोनेतारण शाखेतल्या एका नव्या मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोनेतारण कर्ज देणाऱ्या एका वित्त कंपनीच्या शाखेत हे घडलं. शाखा सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागात, तालुक्याच्या गावी. कंपनीचं मुख्यालय परराज्यात. गाव, माणसं, पाकिटांचे नंबर काढून टाकले आहेत. वजनं आणि रकमा ओळख पटू नये इतपत फिरवल्या आहेत, पण त्यांचं एकमेकांशी प्रमाण तेच ठेवलं आहे. नव्या शाखा व्यवस्थापकांच्या वर्गात मी हे प्रकरण वापरतो. दर वेळी वाद होतो, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतो आहे.

शाखा लहान: व्यवस्थापक, सहायक व्यवस्थापक, काउंटरवर दोघं आणि दाराशी बंदूकवाले मामा. एप्रिल २०२४ मध्ये काउंटरवर नवी मुलगी लागली. बी.कॉम., गावातलीच, महिना सतरा हजार हातात. तिच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी ती पहिलीच. प्रोबेशन सहा महिन्यांचं.

तिचं प्रशिक्षण कंपनीच्या नियमाप्रमाणे झालं, हे आधीच सांगितलेलं बरं. पहिला आठवडा प्रादेशिक कार्यालयात. केवायसी, व्याजाच्या स्कीम, सॉफ्टवेअर, ग्राहकाशी बोलायची पद्धत, आग लागली तर काय, दरोडा पडला तर काय. सोनं पारखायला एक दिवस, त्यातला अर्धा स्लाइडवर आणि अर्धा हातात दागिने घेऊन. शिकवणारे गृहस्थ तळमळीचे होते. कसोटीच्या दगडावर रेघ कशी ओढायची, तिच्यावर अॅसिडचा थेंब टाकल्यावर रंग कसा बघायचा, चुंबक, भिंग, हॉलमार्कचा शिक्का, सगळं त्यांनी करून दाखवलं. पण स्लाइडवरचे दागिने मुख्यालयाच्या राज्यातले. काशूमाला, मोठे झुमके, भरीव बांगड्या. वजावटीच्या तक्त्यात खडे, मोती, मेण आणि दोरा एवढंच. बोरमाळ, कोल्हापुरी साज यांचं नावसुद्धा त्यात नव्हतं. शेवटी बहुपर्यायी परीक्षा झाली आणि ती चांगल्या गुणांनी पास झाली.

त्यानंतर तीन आठवडे शाखेत जुन्या माणसाच्या शेजारी बसून शिकायचं, असा नियम. दुसऱ्या आठवड्यात त्या जुन्या माणसानंच राजीनामा दिला. या धंद्यात काउंटरवरची माणसं टिकत नाहीत, दुसऱ्या कंपनीनं दोन हजार जास्त दिले की जातात. तिसऱ्या आठवड्यात ही मुलगी एकटी काट्यासमोर बसली. कागदोपत्री तिचे तीनही आठवडे पूर्ण दाखवले गेले.

या भागाची एक गोष्ट बाहेरच्या वाचकाला माहीत नसेल. खानापूर, आटपाडीकडची माणसं पिढ्यानपिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या या कामासाठी ती देशभर पांगली आहेत. गावोगावच्या सराफपेठांत त्यांची दुकानं आहेत आणि दिवाळीला, जत्रेला ती गावी येतात. म्हणजे सोन्यात काय काय भरलेलं असतं हे ज्यांना झोपेतही सांगता येईल अशी माणसं शाखेपासून हाकेच्या अंतरावर राहत होती. कंपनीच्या प्रशिक्षणाला त्यांचा पत्ता नव्हता.

समस्या कशी उभी राहिली

आधी बोरमाळेबद्दल. बोराएवढा मणी भरीव सोन्याचा केला तर माळ गळ्याला पेलणार नाही आणि खिशालाही. म्हणून पातळ पत्र्याचा मणी घडवून आत लाख भरतात. लाखेमुळे मणी चेपत नाही, हाताला भरदार लागतो. यात फसवणूक कसलीच नाही. सोनाराला ठाऊक असतं, घरातल्या बाईला ठाऊक असतं आणि मोडीला नेली की लाखेचं वजन वजा होणार हेही ठाऊक असतं. अडचण एवढीच, की कस फक्त वरच्या पत्र्याचा लागतो. पत्रा बावीस कॅरेटचा असेल तर दगडावरची रेघ बावीसचीच येणार. सोनं तपासायचं एक्स-रे मशिनसुद्धा वरचा थरच वाचतं. जुन्या दागिन्यावर हॉलमार्क नसतो, आणि असता तरी तो कस सांगतो, मण्याच्या पोटात काय आहे ते नाही.

आता जून. पाऊस वेळेवर आला होता आणि बियाणं-खतासाठी शाखेत रांग होती. त्यात एक नवी कटकट. मे २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सोनेतारण कंपन्यांना आठवण करून दिली होती, की कर्जाची रक्कम रोखीनं २०,००० रुपयांच्या वर देता येत नाही. हा आयकर कायद्यातला जुनाच नियम. वरची रक्कम खात्यावर पाठवायची म्हणजे पासबुक हवं, पासबुकावरचं नाव आधारशी जुळायला हवं, खातं बंद पडलेलं नको. निम्म्या बायकांची खाती केवायसीअभावी गोठलेली. सहायक व्यवस्थापकाचा सगळा दिवस त्यातच जात होता.

कंपनीच्या नियमानं प्रत्येक दागिना दोघांनी तपासायचा. काउंटरवरचा कर्मचारी नोंद करतो, सहायक व्यवस्थापक दागिना हातात घेऊन स्वतःच्या लॉगिननं मंजुरी देतो. त्या महिन्यात सहायकानं आपला पासवर्ड तिला सांगून ठेवला होता. “छोटं असलं तर तूच टाक, मोठं असलं तर हाक मार.” छोटं कुठं संपतं आणि मोठं कुठं सुरू होतं, हे दोघांपैकी कुणी ठरवलं नव्हतं.

साठीतल्या एक मावशी सुनेला घेऊन आल्या आणि रुमालातून बोरमाळ काढली. काटा ३१.४०० ग्रॅमवर थांबला. मुलीनं कस लावला, उत्तम आला. तक्त्याप्रमाणे दोऱ्याचे चारशे मिलीग्रॅम वजा केले आणि निव्वळ वजन ३१ ग्रॅम नोंदवलं. मणी मात्र तिला खटकला. हातात खेळवल्यावर आकाराच्या मानानं हलका लागत होता. तिनं शाखेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं: “सर, बोरमाळेला वेगळी वजावट धरायची का?” सहायकानं बँकेतल्या गर्दीतून उत्तर टाकलं: “चार्ट बघ. रांग बघ.” चार्टमध्ये बोरमाळ नव्हती. बाहेर पाटीवर काही मिनिटांत कर्ज अशी जाहिरात होती आणि महिन्याचं टार्गेट अर्ध्यावर होतं.

त्या दिवशीचा कंपनीचा दर ग्रॅमला ४,९०० रुपये. तेव्हा बावीस कॅरेटच्या मागच्या ३० दिवसांच्या सरासरी भावाच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येत होतं, त्या मर्यादेत तो बसत होता. ३१ ग्रॅमचे झाले १,५१,९०० रुपये. मावशींना २०,००० रोख मिळाले आणि उरलेले सुनेच्या खात्यावर गेले. दागिना पाकिटात, पाकिटाला सील, सीलबंद पाकीट तिजोरीत.

ऑडिट

जुलैच्या मध्यावर न सांगता ऑडिट आलं. ऑडिटर कोल्हापूरचे, सराफी पेढीवर उमेदवारी केलेले. त्यांनी हे पाकीट उघडलं, माळ तळहातावर एकदा उडवली आणि पाण्याचा ग्लास मागवला.

त्यांनी जे केलं ते शाळेतल्या विज्ञानातलंच आहे. काट्याच्या खालच्या हुकाला दोऱ्यानं माळ टांगली, आधी हवेत वजन घेतलं, मग माळ पाण्यात पूर्ण बुडवून. बावीस कॅरेटचं ३१ ग्रॅम भरीव सोनं पाण्यात बुडवलं तर काटा दोन ग्रॅमही कमी दाखवणार नाही. इथे तो जवळजवळ दहा ग्रॅमनी खाली आला. वजनाच्या मानानं एवढी जागा व्यापतंय म्हणजे आत सोनं नाही. हिशेब मांडून आणि एका मण्याच्या भोकातून सुई घालून खात्री करून घेत त्यांनी सोनं २१ ग्रॅम धरलं.

२१ ग्रॅमवर कर्ज बसत होतं १,०२,९०० रुपये. म्हणजे ४९,००० रुपये जास्त गेलेले. तेवढ्यात २३ जुलैच्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं आणि बाजारभाव एकदम उतरला. माळेतल्या सगळ्या सोन्याची बाजारभावानं किंमत आधीच मुद्दलापेक्षा कमी भरत होती, आता ती आणखी घसरली. उद्या माळ लिलावात काढायची वेळ आली असती तर कंपनीला तोटाच होता.

ऑडिटच्या टिपणात एकच नाव आलं, नोंद करणाऱ्या मुलीचं. मंजुरी सहायकाच्या लॉगिनवरची होती, पण ती वेळ बघितली तर तेव्हा सहायक तालुक्याच्या बँकेत गेल्याचं हजेरी रजिस्टरवर होतं. पासवर्ड वापरल्याचा ठपकासुद्धा तिच्यावरच आला.

पहिला निर्णय: बाकीची पाकिटं उघडायची का?

वर्गात लोक या प्रसंगावरून लवकर पुढं जातात. माझ्या मते सगळं प्रकरण इथेच वळलं.

ऑडिटरनं ठरावीक पाकिटंच उघडली होती आणि बोरमाळ त्यात एकच निघाली. व्यवस्थापक या शाखेत वर्षभरापूर्वी आलेले. त्यांच्या मनात साधी शंका आली: या गावात बोरमाळ एकाच बाईकडे आहे का? तिजोरीत मण्यांचे आणखी दागिने असणारच. ते कुणी तपासले, काय वजावट धरली?

सहायकाचं म्हणणं होतं, उघडू नका. ऑडिट झालं, एक सापडलं, तेवढ्यावर निभावलं. बाकीची पाकिटं दिवाळीपर्यंत लोक सोडवून नेतील. घरचा दागिना कुणी टाकून देत नाही. आपण होऊन काढलं तर शाखेचं रेटिंग गेलं, सगळ्यांचा इन्सेन्टिव्ह गेला. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आठवड्याला दहा निर्णय घेणारा माणूस असाच विचार करतो, आणि घरचं सोनं लोक खरोखर सोडवतातच.

व्यवस्थापकांनी त्याच शनिवारी शाखा बंद झाल्यावर दोन चाव्या लावून तिजोरी उघडली, प्रत्येक पाकिटाची नोंद करत मण्यांचे दागिने वेगळे काढले आणि ऑडिटरलाच फोन करून बोलावलं. आणखी चार दागिने सापडले, त्यात एक साज. त्यातले दोन राजीनामा देऊन गेलेल्या जुन्या माणसाच्या हातचे होते, एक खुद्द सहायकाच्या आणि एक मागच्या व्यवस्थापकाच्या काळातला. कुणीही लाख नीट वजा केली नव्हती. सहायकानं “अंदाजानं” दोन ग्रॅम धरले होते.

त्या शनिवारनंतर विषय बदलला. एका नवख्या मुलीची चूक म्हणून जे आलं होतं ते सगळ्या शाखेचं, कदाचित सगळ्या विभागाचं निघालं. तिजोरी उघडली नसती तर पुढे मुलीच्या बाजूनं बोलायला व्यवस्थापकांच्या हातात दयेखेरीज काही नव्हतं.

समोरचे पर्याय

प्रादेशिक कार्यालयाची पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती: स्टाफ डेबिट. ज्याच्या हातून तूट झाली त्याच्या पगारातून ती वसूल करायची आणि प्रोबेशनवर असेल तर घरी पाठवायचं. एचआरनं तयार मसुदाही पाठवला. त्यात लिहिलेलं, “माझ्या निष्काळजीपणामुळे कंपनीचे नुकसान झाले असून सदर रक्कम माझ्या वेतनातून वळती करण्यास माझी संमती आहे.” खाली सहीची जागा. ४९,००० म्हणजे तिचा जवळजवळ तीन महिन्यांचा पगार. ही पद्धत या धंद्यात इतकी अंगवळणी पडली आहे, की वर्गातले बरेचजण आधी “मग काय, भरायलाच पाहिजे” असंच म्हणतात.

दुसरा पर्याय गप्प बसण्याचा, म्हणजे सहायकाचा. व्याज येऊ द्यायचं, दिवाळीला मावशींचा मुलगा गावी येईल, माळ सुटेल, विषय संपेल. ऑडिटचा शेरा आधीच वर गेल्यामुळे पाच पाकिटांपैकी एकासाठी हे जमणारं नव्हतं, पण चारांसाठी नक्की जमलं असतं.

तिसरा पर्याय ग्राहकाकडे जाण्याचा. फरकाची रक्कम भरा, नाहीतर आणखी सोनं ठेवा. कर्ज ७५ टक्क्यांच्या वर गेलेलं असताना हे कधीतरी करावंच लागणार होतं. पण पावतीवर निव्वळ वजन ३१ ग्रॅम कंपनीनंच लिहून दिलेलं. मावशींनी काही लपवलं नव्हतं, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

चौथा पर्याय मुख्यालयातून परिपत्रकाच्या रूपानं आला. पाच पाकिटांचा अहवाल वर गेल्यावर तिथून निघालं: लाख भरलेला कोणताही दागिना यापुढे घेऊ नये. कागदावर सगळ्यात सुरक्षित. फक्त या भागातल्या किती घरांत बोरमाळ हाच एकमेव मोठा दागिना आहे, याचा विचार त्यात नव्हता. दोन आठवड्यांत तीन-चार बाया परत गेल्या. त्या कुठे गेल्या असतील हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सावकाराला लाख कळते, आणि वजावट धरताना तो हातही आखडता घेत नाही.

काय केलं

व्यवस्थापकांनी मसुद्यावर तिची सही घेतली नाही. तिला कोऱ्या कागदावर, स्वतःच्या शब्दांत, जे घडलं ते लिहून द्यायला सांगितलं. एचआरला त्यांनी कळवलं, की तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान थेट त्या कर्मचाऱ्याच्या हयगयीतून झालेलं असावं लागतं आणि कापण्यापूर्वी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. आधीच कबुली लिहून पाठवायची आणि खाली सही मागायची, याला संधी म्हणत नाहीत. कायद्याचा हा मुद्दा त्यांना एका ओळखीच्या वकिलानं सांगितला होता. कंपनीच्या कुठल्याच प्रशिक्षणात तो नव्हता.

तिच्या दीड पानी खुलाशात पासवर्डची कबुली होती आणि व्हॉट्सअॅपवरच्या प्रश्नाचा उल्लेख होता. स्क्रीनशॉट जोडला होता. प्रश्न, वेळ, उत्तर. “चार्ट बघ. रांग बघ.” ते बघितल्यावर प्रादेशिक प्रमुखांनी डेबिटचा आग्रह सोडला. कारण आता हयगय कुणाची हे सांगणं अवघड झालं होतं. विचारणाऱ्याची, उत्तर देणाऱ्याची, चार्ट करणाऱ्याची, की शिकवणीचे तीन आठवडे पूर्ण झाल्याची खूण करणाऱ्याची? तिचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं आणि पासवर्डबद्दल लेखी समज दिली. सहायकाला ताकीदपत्र मिळालं. तीन आठवड्यांच्या खोट्या नोंदीबद्दल व्यवस्थापकांनाही समज मिळाली, आणि त्यांनी ती न कुरकुरता घेतली.

मग मावशींचं घर. व्यवस्थापक मुलीला बरोबर घेऊन गेले. ओसरीवर चहा आला आणि यांनी विषय काढताच मावशींचा चेहरा बदलला.

“आमचं सोनं खोटं हाय म्हणतासा व्हय? सासूबाईंनी अंगावर घातल्याली माळ हाय ती.”

“तसं नाही मावशी. सोनं चोख आहे. आत लाख आहे, ती आम्ही धरली नाही.”

“मग धरायची हुती की. म्या नको म्हनलं हुतं?”

याला दोघांकडेही उत्तर नव्हतं. सुनेनं नवऱ्याला फोन लावून दिला. तो तमिळनाडूतल्या एका गावात गलाईच्या दुकानात. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसलाच. “साहेब, बोरमाळंत लाख असती हे आमच्यात शाळंतल्या पोराला बी ठावं असतंय. तुम्ही एकतीस धरलंच कसं?” रागावण्यापेक्षा त्याला नवलच जास्त वाटलं होतं. मुदत घेऊन गणपतीत थोडी रक्कम भरतो म्हणाला. आणि फोन ठेवण्याआधी स्वतःच म्हणाला, “आमचं चुलतं घरी असत्यात आता. पस्तीस वर्सं भट्टीवर गेली त्यांची. तुमच्या पोरास्नी दाखवतील की.”

प्रशिक्षणात खरा बदल इथून झाला. रविवारी शाखेच्या मागच्या खोलीत ते चुलते आले. फी मागितली नाही. शाल-नारळ घेतला, तोही संकोचून. सराफाकडून मोडीतले आठ-दहा मणी आणून ठेवले होते. त्यांनी एक मणी चिमट्यात धरला, मेणबत्तीवर नेला आणि थोड्या वेळात भोकातून काळपट लाख फुगून बाहेर आली. खोलीत तो ओळखीचा जळका वास पसरला. राहिलेला पत्रा त्यांनी मुलीच्या हातावर ठेवला: “आता हे तोल.” मग न फोडता ओळखायच्या युक्त्या. दोन मणी एकमेकांवर हलकेच आपटल्यावर येणारा बद्द आवाज. भोकाच्या कडेला दिसणारी काळी रेघ. सारख्या मापाच्या भरीव मण्याशी तुलना. आणि पाण्यातलं वजन, जे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं, पण ऑडिटरनं दाखवल्यावर चटकन मान्य केलं. दोघं मग तासभर आपापसांतच बोलत बसले आणि बाकीचे ऐकत राहिले. मला विचाराल तर त्या दिवसाचा तोच तास सर्वांत मोलाचा.

त्यातून शाखेनं एक पेटी केली. मोडीतला बोरमाळेचा मणी, साजाचं एक पान, पोकळ डूल, सोन्याचं पाणी दिलेली पितळी बांगडी, चांदीवर पत्रा चढवलेली पाटली. नव्या माणसानं पेटीतला प्रत्येक नग ओळखून, वजावट सांगून दाखवल्याशिवाय त्याला लॉगिन मिळणार नाही, असं व्यवस्थापकांनी ठरवलं. मुख्यालयाच्या परवानगीची वाट त्यांनी बघितली नाही. प्रादेशिक प्रमुखांनी बघूनही न बघितल्यासारखं केलं. या धंद्यात असं केलं नाही तर काहीच सुरू होत नाही.

बंदीच्या परिपत्रकावर मात्र लेखी लढाई झाली. व्यवस्थापकांनी बंदीऐवजी मार्ग सुचवला: लाखेच्या दागिन्याला पाण्यातलं वजन सक्तीचं, निव्वळ वजन एकूण वजनाच्या ठरावीक टक्क्यांच्या वर धरायचं नाही, आणि वजावट ग्राहकाला समोर समजावून पावतीवर लिहायची. ३० सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेचं सोनेतारणातल्या त्रुटींवरचं पत्रक आलं. ग्राहकाच्या गैरहजेरीत होणारं मूल्यांकन, कर्जाच्या प्रमाणावर नसलेली देखरेख अशा गोष्टींवर त्यात बोट होतं. मुख्यालयाला आपल्या पद्धती तपासाव्याच लागल्या, आणि त्या धांदलीत या विभागापुरती बंदी उठली.

परिणाम

मावशींच्या मुलानं गणपतीत बोलल्याप्रमाणे रक्कम भरली आणि दिवाळीनंतर माळ सोडवून नेली. बाकीच्या चारांपैकी तीन दागिनेही सुटले. एकाच्या बाबतीत ग्राहकानं जोडीला अंगठी ठेवली. कंपनीचं एका रुपयाचंही नुकसान झालं नाही.

वर्गात इथं कुणीतरी हात वर करतंच: “मग सहायक बरोबर होता की! गप्प बसले असते तरी हेच झालं असतं.” पैशाच्या हिशेबानं, हो. त्या वर्षअखेरीस भाव पुन्हा जुलैच्या आधीच्या पातळीच्या आसपास आला, आणि पुढे तर इतका चढला की जुन्या तुटी आपोआप झाकल्या गेल्या. चढत्या भावात सोनेतारणाच्या चुका दिसत नाहीत. माझं उत्तर एवढंच असतं, की सहायकाचा हिशेब पाच पाकिटांचा होता आणि व्यवस्थापकांचा सहाव्या पाकिटाचा.

मुलगी राहिली. प्रोबेशन संपल्यावर कायम झाली आणि विभागातल्या नव्या माणसांना पेटी दाखवायला तिलाच बोलावू लागले. त्या कामाचा वेगळा पैसा मिळाला नाही. दुसऱ्या वर्षी ती एका सहकारी बँकेच्या सोनेतारण विभागात गेली. सहायक त्याआधीच दुसऱ्या कंपनीत व्यवस्थापक म्हणून लागला होता. चुलत्यांचा रविवार दोनदा झाला. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा बाहेरच्या माणसाला शाखेच्या आत आणण्याबद्दल सुरक्षा विभागानं हरकत घेतली.

स्टाफ डेबिटची पद्धत कंपनीत आजही आहे. एका प्रकरणात ती टळली, एवढंच.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे परीक्षा. ती पाठांतर तपासत होती. त्या चांगल्या गुणांनी मुलीलाही खोटा धीर दिला आणि वरच्यांनाही. सोनं पारखणं हे हाताचं काम आहे, आणि ते तपासायचं तर समोर नग ठेवूनच तपासावं लागतं. शिवाय नग त्या त्या भागातले हवेत. कोकणात गेलात तर दागिने वेगळे, खानदेशात वेगळे. मुख्यालयाचा एकच तक्ता सगळीकडे पाठवण्यापेक्षा प्रत्येक विभागानं आपल्याकडचे दहा दागिने आणि त्यांच्या वजावटी मुख्यालयाला कळवल्या असत्या, तर हे प्रकरण घडलंच नसतं.

दुसरं, व्हॉट्सअॅपवरचा तो प्रश्न. नव्या माणसाला शंका येणं हा प्रशिक्षणाचा विजय होता. मणी हलका लागतोय हे तिच्या हाताला कळलं होतं. त्या शंकेचं पुढं काय करायचं याची सोय नव्हती. “शंका असेल तर दागिना बाजूला ठेव, ग्राहकाला बसव, कर्ज देऊ नकोस” हे अधिकारानं म्हणायची मुभा सतरा हजार पगाराच्या मुलीला कुणी दिली नव्हती. व्यवस्थापकांनी नंतर काउंटरवर एक लाल वाटी ठेवली. शंका आलेला दागिना त्यात ठेवायचा आणि वाटी भरलेली असताना मंजुरी थांबवायची. दोन मिनिटं उशीर होतो म्हणून सुरुवातीला टार्गेटवाल्यांनी तक्रार केली.

तिसरं, घरभेटीला मुलीला नेणं. यावर माझं आणि काही सहकाऱ्यांचं पटत नाही. त्यांचं म्हणणं, तिला तिथे नेणं म्हणजे तिला ग्राहकापुढे उभं करणं. मला उलट वाटतं, की “मग धरायची हुती की” हे वाक्य तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं हे बरं झालं. पण जाण्याआधी तिला विचारायला हवं होतं. व्यवस्थापकांनी विचारलं नव्हतं. “चल” म्हणाले आणि ती गेली.

चौथं, पगार कापण्याचं भय. पाचही पाकिटांच्या चौकशीत एक गोष्ट वारंवार कानावर आली. सहायकाला मण्यांबद्दल शंका होती, जुन्या माणसालाही होती. विचारलं तर आधीच्या पाकिटांची विचारणा होणार आणि तूट आपल्याच पगारातून जाणार, म्हणून दोघांनीही अंदाजानं ग्रॅमभर-दोन ग्रॅम धरून पुढं ढकललं. वसुलीच्या धाकानं माणूस काळजीनं काम करतो असं कंपनीला वाटत होतं. प्रत्यक्षात तो धाक त्यांना गप्प बसायला शिकवत होता. एकटी नवी मुलगी विचारती झाली, कारण तिला अजून ही पद्धत माहीत नव्हती.

जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे सोने-चांदी तारणावरचे नवे निर्देश आले. तपासणी ग्राहकासमोर करायची, कसाची आणि वजनाची पद्धत सगळ्या शाखांत सारखी ठेवायची, वजावटी ग्राहकाला समजावून सांगायच्या. मावशींच्या ओसरीवर जे मागितलं गेलं होतं, जवळजवळ तेच. कंपनीनं त्यासाठी नवा ऑनलाइन कोर्स काढला आहे. चाळीस स्लाइड आहेत. शेवटच्या स्लाइडवर बोरमाळेचा फोटो आहे, आणि खाली बहुपर्यायी प्रश्न.